घराला शिवलेला कोट

दारलावे हे आमच्या शेजारच्या टेलरमास्तरांचं आडनाव नव्हे, पण नवा पोस्टमन आला की काही दिवस तोही फसायचा. मास्तरांच्या घराच्या पुढच्या खोलीतच त्यांचं दुकान. उंबऱ्यावर पाऊल पडायचा अवकाश, आतून हाक यायची, "दार लावा!" गिऱ्हाईक असो, पाहुणा असो, नाहीतर कुणाच्या मरणाची बातमी घेऊन आलेला माणूस असो, आधी दार लावायचं आणि मग काय ते बोलायचं. गल्लीनं त्यांचं नाव दारलावे मास्तर ठेवलं. त्यांनी ते कधी मनावर घेतलं नाही. नाव ठेवणारा दार लावून आत येत असला म्हणजे त्यांना पुरे होतं.

जगात मास्तरांचे शत्रू दोन. एक गार वारा आणि दुसऱ्या त्यांच्या विहीणबाई. लेकीच्या लग्नात जावयाचा सूट मास्तरांनी स्वतः शिवला होता. विहीणबाईंनी भर मांडवात मुलाचा हात वर करून पाहिला आणि म्हणाल्या, "बाही जरा आखूड वाटते, नाही?" मास्तरांनी चष्मा वर सरकवून उत्तर दिलं, "बाही बरोबर आहे. हात लांब आहे." तेव्हापासून दोन्ही घरांत बोलणं होतं, पण टाचण्या तोंडात धरून बोलावं तसं.

विहीणबाईंना तोंड देता येतं. वाऱ्याला कसं देणार? म्हणून मास्तर दर वर्षी थंडीच्या तोंडाशी घराला कपडे शिवायचे. हे मी गमतीनं म्हणत नाही. गळ्यात टेप आणि कानावर खडू अडकवून ते एकेका खिडकीसमोर उभे राहात आणि रीतसर माप घेत. एकदा सवयीनं खिडकीला म्हणाले, "श्वास रोखून धरू नका, सैल सोडा." मी समोर होते. मग त्या मापाची कापूस भरलेली झापडं तयार होत. त्यांना आतून अस्तर, कडेनं दुहेरी टीप. दाराच्या फटीसाठी कातरणांनी भरलेला कापडी साप. कुलपाच्या भोकाला सुद्धा बटण लावलेलं बूच. आणि मागच्या खोलीत, जिथे सगळे बसत-झोपत, तिथल्या धुराड्याला जोडलेल्या, कोळशाच्या लोखंडी शेगडीवर भिंतीत जो झरोका होता, त्याला तर चक्क जाकीट. राखाडी लोकरीचं, अगदी अंगासरसं बसलेलं. एखाद्या गिऱ्हाइकाला त्यांनी इतकं नीट बसणारं जाकीट शिवल्याचं मला आठवत नाही.

"मास्तर, घराला थोडी तरी हवा नको का?" मी एकदा विचारलं.

"बाई, हवा आहे की आत. गेल्या आठवड्यातली आहे, चांगली मुरलेली. ती काढून नवी गार हवा कशाला भरायची?"

मी शाळेत शिकवते. चाळीस पोरांच्या वर्गाला समजावता येतं. एकट्या मास्तरांना नाही.

गेल्या वर्षीच्या थंडीत त्यांच्या घरात गेलं की डोकं दुखायचं. मी ते माझ्या नव्या चष्म्यावर ढकललं. मास्तरांच्या बायकोनं, म्हणजे वहिनींनी, टीव्हीवरच्या मालिकेवर ढकललं. मास्तरांनी विहीणबाईंच्या आठवणीवर. लेक तेव्हा पोटुशी होती आणि चार दिवस माहेरी आली होती. तिला सारखं मळमळायचं, गरगरायचं. त्यात कुणाला नवल वाटलं नाही. पण एका सकाळी मास्तरही भिंत धरधरून न्हाणीघराकडे निघाले, तेव्हा वहिनींनी कमरेवर हात ठेवून विचारलं, "तुम्हाला कितवा लागला हो?"

सगळे पोट धरून हसलो. त्या खोलीत काय चाललं होतं हे कुणाच्याही डोक्यात आलं नाही. डोकी सगळ्यांचीच जड झाली होती.

लेक बस डेपोत नोकरीला. तिथे राहून तिचं बोलणंही गाडी सोडल्यासारखं झालेलं, एकदा निघालं की मध्ये थांबा नाही. उन्हाळ्यात तिला मुलगी झाली. दिवस पुरे होण्याआधीच आली, म्हणून छाती जरा नाजूक. आम्ही तिला ठकी म्हणायचो. जावई लांब पल्ल्याचा ट्रक चालवायचा आणि थंडीचे महिने तो रस्त्यावरच असायचा. एकटीनं भाड्याच्या ओलसर खोलीत तान्ह्या पोरीला घेऊन राहण्यापेक्षा तिनं माहेरी यावं, हे मास्तरांनी मनात पक्कं केलं होतं. ठकीसाठी त्यांनी इतक्या टोप्या शिवल्या की पोरीला डोकी कमी पडली असती.

एका दुपारी मी त्यांच्या दुकानात ब्लाउजाचं माप द्यायला गेले होते. तेवढ्यात लेकीचा फोन आला. मास्तरांचे हात मशीनवर, म्हणून फोन मोठ्या आवाजात टेबलावर.

"बाबा, मी येते. पण माझ्या अटी आहेत. धुराडं साफ करून घ्यायचं. शेगडीवरचा झरोका उघडा राहील, दिवसरात्र. आणि मी एक यंत्र पाठवतेय, ते भिंतीला लावायचं."

"कसलं यंत्र?"

"निखाऱ्याचा विषारी वायू खोलीत साठला की ओरडतं ते. त्या वायूला रंग नाही, वास नाही. गेल्या थंडीत आपली सगळ्यांची डोकी दुखत होती ती कशानं? आमच्या डेपोत शेडची दारं बंद करून इंजिन चालू ठेवत नाहीत, ते काय उगाच? दवाखान्यातल्या नर्सनं सांगितलं तेव्हा माझ्या डोक्यात प्रकाश पडला."

"झरोका उघडा ठेवायचा तर शेगडी पेटवायची कशाला?" मास्तर म्हणाले. "बाहेर अंगणातच बसू की सगळे. चांदणं तरी दिसेल."

"चालेल. मग मी सासूबाईंकडे जाते. त्यांची वरची खोली रिकामी आहे. मोठ्या मोठ्या खिडक्या आहेत."

मशीन थांबलं. वहिनी आतून पदराला हात पुसत आल्या आणि फोनकडे वाकून ओरडल्या, "खिडक्या काय चाटायच्यात? तू इकडे ये. यांचं मी बघते."

"आई, बघू नकोस. कर."

फोन बंद झाला. मास्तर माझ्याकडे बघून म्हणाले, "बघितलंत बाई? मोठ्या मोठ्या खिडक्या! त्यांना पडदे कोण शिवतं, विचारा. रेडिमेड लावतात."

पण तोंडानं काही म्हणोत, ठकी विहीणबाईंच्या मांडीवर थंडी काढणार या कल्पनेनंच त्यांना हुडहुडी भरली होती. दुसऱ्याच दिवशी त्यांनी धुराडं साफ करणाऱ्याला बोलावलं. त्यानं बादलीभर काजळी काढली, वर एक वाळकं घरटं काढलं आणि म्हणाला, "मास्तर, यातून बाहेर पडायचं तर धुराला पोट आत घ्यावं लागत असेल."

झरोक्याचं जाकीट मात्र काढताना मास्तरांचा जीव खालीवर व्हायला लागला. तासभर ते टाका उसवायची सुई हातात धरून उभे होते. शेवटी त्यांनी मधला मार्ग काढला. जाकीट तसंच ठेवलं, पुढून कापलं आणि एका बाजूला बटणं आणि दुसरीला काजं केली. "उघडं म्हणजे बटणं सोडलेली," ते वहिनींना म्हणाले. "सभ्य माणूसही घरात तसाच बसतो."

मग यंत्र आलं. बशीएवढं पांढरं डबडं, त्यावर एक हिरवा दिवा. मास्तरांनी ते भिंतीला लावलं आणि चाचणीचं बटण दाबलं. त्यानं जी किंकाळी फोडली, ती ऐकून वहिनींच्या हातातलं पातेलं खाली पडलं आणि मी माझ्या घरातून भिंतीवर थाप मारून विचारलं, काय झालं म्हणून.

"अहो, हे असं ओरडलं तर ठकी दचकून उठेल की," वहिनी म्हणाल्या.

झालं. ज्या माणसानं कुलपाच्या भोकाला कपडे घातले, तो हे डबडं उघडं कसं राहू देईल? ठकीच्या टोपीचं मऊ फ्लॅनेल उरलंच होतं. त्यात कापूस भरून मास्तरांनी यंत्राला एक गुबगुबीत अंगरखा शिवला. दिवा दिसावा म्हणून समोर एक काज ठेवलं, रेशमी दोऱ्यानं भरून.

"ऐकू येईल ना पण?" वहिनींनी विचारलं.

"येईल. पण जरा सभ्यपणे."

लेकीला हे सांगायचं नाही, असं नवराबायकोनं ठरवलं. ती घरात असली की अंगरखा उशीखाली. ती बाहेर पडली की यंत्राच्या अंगावर. हे मला मागाहून कळलं. एरवी चहात साखर किती यावरून भांडणारी ही दोघं, या एका बाबतीत मात्र त्यांचं चोरांसारखं जमलं.

लेक आली. सामान खाली ठेवायच्या आधी तिनं बापाच्या रिळाचा दोरा तोडला आणि झरोक्यापुढे धरला. दोरा हलला. मग शेगडीच्या तोंडाशी धरला. दोरा आत, धुराड्याकडे ओढला गेला. "चालेल," ती म्हणाली. मास्तरांच्या चेहऱ्यावर पहिल्या ट्रायललाच सूट बसल्याचं समाधान पसरलं.

पुढचे काही आठवडे मजेत गेले. रोज सकाळी लेक खिडक्यांची झापडं उतरवून सगळं घर उघडं टाकायची. मास्तर तेवढा वेळ कोट, मफलर, कानटोपी घालून अंगणात येरझाऱ्या घालायचे.

"बाई, आमच्याकडे वारा राहायला आलाय," ते भिंतीवरून मला सांगायचे. "आम्ही बाहेर, तो आत. भाडं मागायची सोय नाही."

पण ठकीची छाती घरघरायची थांबली होती. तिच्या गालांना रंग आला होता. मास्तर तिला मशीनच्या बाजूला पाळण्यात ठेवायचे आणि कापड दाखवून विचारायचे, "हे घेऊ की ते घेऊ, मालकीणबाई?" ठकी ज्या कापडावर लाळ गाळेल ते पसंत. मला तर वाटतं, मास्तर त्या दिवसांत गिऱ्हाइकांना "दार लावा" हे सुद्धा गाण्यात म्हणायला लागले होते.

एका वादळी दुपारी लेक रजा वाढवून घ्यायला डेपोत गेली. वारा घराभोवती शिट्ट्या मारत होता. ठकी शिंकली. एकदाच. पण आजोबाला तेवढं पुरलं. मास्तर स्टुलावर चढले आणि त्यांनी झरोक्याच्या जाकिटाची बटणं लावली, वरपासून खालपर्यंत. खाली उतरून धुराड्याची झडप अर्धी लोटली, ऊब आभाळाला कशाला द्यायची म्हणून. यंत्राला अंगरखा आधीच चढवलेला होता. पोर उबदार झाली, डोळे मिटायला लागली. "बघ, कशी गाढ झोपतेय," मास्तर म्हणाले. वहिनींनी जांभई दिली. मास्तरांनीही दिली.

मी वाळलेले कपडे काढायला अंगणात आले होते, तेव्हा लेक फाटकातून आत येताना दिसली. वाऱ्यानं केस विस्कटलेले, हातात पिशवी. तिनं दार उघडलं. दुकानात कुणी नव्हतं. ती दारातच थांबली. क्षणभर मला कळेना का. मग माझ्याही लक्षात आलं. दार सताड उघडं होतं, वारा आत घुसत होता आणि आतून कुणी "दार लावा" म्हणालं नव्हतं.

"बाबा?"

पिशवी तिथेच टाकून ती आत धावली. मी चप्पल न घालता भिंतीला वळसा घालून पळाले. मी उंबऱ्याशी पोचते तोच ती ठकीला छातीशी धरून बाहेर आली, पोर माझ्या हातात कोंबली आणि म्हणाली, "बाई, उघड्यावर न्या. हिला हलवा. दवाखान्याची गाडी बोलवा." आणि श्वास रोखून पुन्हा आत गेली.

आधी तिनं आईला ओढत आणलं. वहिनींच्या डोळ्यांत झोप की बेशुद्धी, कळत नव्हतं. मग बापाला, काखेत हात घालून, त्यांच्या टाचा जमिनीवर घासत. पायरीवर वारा लागला तसे मास्तर ओठ हलवायला लागले. "दार..." ते पुटपुटले.

"आज दार लावलं ना बाबा, तर याद राखा!" लेक ओरडली आणि रडायलाही लागली.

ठकी माझ्या हातात कापडाच्या बाहुलीसारखी पडली होती. मी एका हातानं कानाशी फोन धरला होता, दुसऱ्यानं तिची पाठ चोळत होते. वाऱ्याचा एक गार फटकारा तिच्या तोंडावर आला. तिनं नाक आक्रसलं. मग तोंड उघडलं. मग जी रडली! सगळा जन्म मी मुलांना गप्प बसा म्हणण्यात घालवला. त्या दिवशी म्हणत होते, "रड गं बाई, रड, अजून मोठ्यानं." आणि ती खरंच मोठ्यानं रडत होती.

तिघांना दवाखान्यात नेलं. प्राणवायूचा मुखवटा चढवलेले मास्तर थोडे शुद्धीवर आल्याबरोबर वॉर्डाच्या उघड्या खिडकीकडे बोट दाखवायला लागले. नर्सनं त्यांचा हात खाली केला. त्यांनी पुन्हा वर केला. शेवटी वहिनी, स्वतःच्या मुखवट्यातून, इतक्या रागानं काहीतरी बोलल्या की तो हात पुन्हा वर आला नाही. डॉक्टरांनी रात्रभर तिथेच ठेवून घेतलं. ठकीला काही इजा झाली नाही, हे सकाळी त्यांनी सांगितलं तेव्हा लेक भिंतीला टेकून खाली बसली.

दुपारी सगळे घरी आले. मी कालवलेला भात घेऊन गेले होते, म्हणून पुढचं सगळं माझ्यासमोरच घडलं. मागच्या खोलीची दारं-खिडक्या उघडी होती, शेगडी थंडगार. लेक भिंतीपाशी गेली. तो गुबगुबीत अंगरखा तिनं काल पाहिला होता, आता काढून हातात घेतला.

"हे काय आहे?"

"कव्हर," मास्तर म्हणाले.

"कशाला?"

"धूळ बसू नये म्हणून."

"बाबा."

मास्तरांनी वहिनींकडे पाहिलं. वहिनींनी भाताच्या भांड्याकडे पाहिलं.

"ओरडतं फार ते," मास्तर हळूच म्हणाले.

"ओरडायलाच ठेवलंय त्याला! काल मी आत शिरले तेव्हा ते ओरडतच होतं, ठाऊक आहे? गादीखाली चिमणी सापडावी तसं. कधीपासून ओरडत होतं देव जाणे." तिचा आवाज चिरकला. "उद्या सकाळी सासूबाई गाडी पाठवतायत. मी कालच सांगून ठेवलं. आता काही बोलू नका, मला बोलायचं नाही."

मास्तर उठले. मला वाटलं, दुकानात जाऊन मशीनवर डोकं टेकून बसतील. पण त्यांनी स्टूल ओढलं, टाके उसवायची सुई घेतली आणि झरोक्याचं जाकीट उसवायला सुरुवात केली. कात्रीनं कापलं असतं तर चुटकीसरशी झालं असतं. पण ते एकेक टाका उसवत होते, जसा घातला होता तसा. ते झाल्यावर खिडक्यांची झापडं. मग साप. मग कुलपाच्या भोकाचं बूच. वहिनी म्हणाल्या, "अहो, अंगात जीव नाही तुमच्या, राहू द्या." त्यांनी ऐकलं नाही. शेवटी कातरणांचा ढीग पायाशी घेऊन ते लेकीसमोर उभे राहिले. नाकाचा शेंडा गारठ्यानं लाल झाला होता.

"माप चुकलं," ते म्हणाले.

इतक्या वर्षांत हे शब्द मी त्यांच्या तोंडून कधी ऐकले नव्हते. गिऱ्हाइकाचं पोट सुटलेलं असतं, खांदा उतरलेला असतो, हात लांब असतो. मास्तरांचं माप चुकत नसे. लेकीनं त्यांच्याकडे पाहिलं, ठकीला या खांद्यावरून त्या खांद्यावर घेतलं आणि आत स्वयंपाकघरात निघून गेली.

दुसऱ्या दिवशी सकाळी ऊन पडलं होतं, पण नुसतं दिसायला. मी अंगणात आले तर भिंतीपलीकडे लेक बाह्या सरसावून बादलीतून ठकीचे लंगोट पिळून काढत होती आणि दोरीवर घालत होती, एकाला एक लावून, या टोकापासून त्या टोकापर्यंत. मास्तर पायरीवर उभे होते, दोन स्वेटर आणि कानटोपी घालून. रात्रभर झोपले नसावेत.

"गाडी किती वाजता येणार?" त्यांनी विचारलं. आवाज मुद्दाम सहज ठेवला होता.

"हे वाळल्यावर. तसं सासूबाईंना कळवलंय. ओले लंगोट घेऊन जाऊ का मी?"

मास्तर खाली उतरले. दोरीपाशी येऊन त्यांनी एक लंगोट अंगठ्यात आणि बोटात धरला, चोळून पाहिला, उलटा करून शिवण दाबली. दुसरा पाहिला. कापडाच्या बाबतीत ते खोटं बोलू शकत नाहीत.

"या हवेत दोन दिवस तरी वाळत नाही हे," ते म्हणाले.

"मग? दोन दिवसांत तुमची नात अजून तेवढेच भिजवील," लेक म्हणाली आणि रिकामी बादली त्यांच्या हातात दिली. "ते पण धुवावेच लागतील की."